विसाव्यावरची करटोली

"तुला वेंधळी मी म्हणेन. तो कोण म्हणणारा?"

आत्याबाईंनी उलथनं ओट्यावर आपटलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, खांद्याची पर्ससुद्धा न काढता, रडत उभी होते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. कऱ्हाडकडे सुना सासूला आत्याबाई म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं. आमच्या अकोल्याकडे आत्या म्हणजे वडिलांची बहीण, विषय संपला. त्यामुळे नव्या घरातल्या पहिल्याच सकाळी कुणीतरी "आत्याबाईंना चहा दे" म्हटल्यावर मी कप घेऊन घरभर पाहुणी शोधत हिंडले होते. शेवटी कप समोरच्या काकूंना दिला. आत्याबाईंनी ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना सांगितली आणि मला वेंधळी हे नाव पडलं ते पडलंच. खोटं कशाला बोलू, पुढे मी ते मन लावून टिकवलं. वरणात मिठाऐवजी साखर घातली. दूध गॅसवर ठेवून केस धुवायला गेले. एकदा तर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून थेट विद्यापीठात पोचले.

पण प्रयोगशाळेत मी वेंधळी नव्हते. तिथे शिरलं की माझा हात शहाणा व्हायचा. पानाची पुडी, तिच्यावरचा नंबर, नळी, नळीवरचा नंबर, कुठे म्हणून चूक नाही. हे खरं असलं तरी कुणाला पटायचं नाही, कारण केळुसकर सरांनी माझ्या चपला बघितल्या होत्या.

केळुसकर सर माझे मार्गदर्शक. मी पीएच.डी. करत होते ती करटोलीवर. हो, तीच ती श्रावणातली काटेरी हिरवी भाजी. आमच्याकडे काटवल म्हणतात. सह्याद्रीच्या खाली कोकणात ती रानात उगवते, आणि वर घाटमाथ्यावरही उगवते. माझा प्रश्न साधा होता, की मधे एवढा डोंगर उभा असताना खालची आणि वरची करटोली आतून एकच आहे की वेगळी? त्यासाठी दोन्हीकडची पानं आणायची, त्यातला डीएनए काढायचा, तो एका चिकट थरातून पळवायचा, मग दिव्याखाली त्याचे पट्टे दिसतात. पट्टे जुळले तर नातं जवळचं.

पट्टे फार सुंदर आले होते. खालचे सगळे एका चालीचे, वरचे सगळे दुसऱ्या चालीचे. फक्त पाथरदांड नावाच्या वरच्या गावातल्या एका जागेच्या पुड्या खालच्या चालीच्या निघाल्या. अगदी खालच्याच.

"डोंगर मधे आहे, शेडगेबाई," सर म्हणाले होते. "परागकण नेणारे पतंग एवढा कडा चढत नाहीत. मग हा वेल काय एस.टी.त बसून वर आला? पुड्या बदलल्यात तुमच्या हातून. वेंधळेपणा घरी ठीक आहे. इथे एका जागेची पानं बदलली, तर बाकीच्या जागांवर तरी विश्वास का ठेवायचा मी?"

म्हणजे सगळंच काम पाण्यात.

"मी काऊन बदलू पुड्या!" मी घरी येऊन आत्याबाईंपुढे ओरडले. संतापले की माझी वऱ्हाडी बाहेर पडायची.

"नाही ना बदलल्यास?"

"नाही." मग माझाच आवाज खाली आला. "म्हणजे... नाहीच वाटतं."

आत्याबाईंनी गॅस बंद केला. करपलेली भाकरी बाजूला काढली आणि माझ्याकडे बघितलं. माझी सासू बुटकी, गोरी, आणि रागावली की तिचं नाक लाल व्हायचं. तेव्हा ते चांगलंच लाल झालं होतं.

"हे वाटतं-बिटतं चालायचं नाही. पुन्हा जाऊन आणायची पानं. मिळतील अजून?"

"मिळतील. दसरा झाला की वेल वाळतात, मग वर्षभर काही नाही."

"मग उद्याच जाऊ."

"जाऊ?"

"तू एकटी गेलीस तर पाथरदांडला जायचं ते पंढरपूरला उतरशील. आणि पुड्या मी बांधणार. बघू तो केळुसकर मला काय म्हणतो ते."

माझे यजमान, शशिकांत, बँकेच्या तपासणीसाठी तेव्हा बाहेरगावी होते. त्यांना फोनवर हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "आई आणि तू? पानं आणायला? गावाला कळवून ठेवा बाई."

गौरी-गणपती नुकतेच आटोपले होते. आत्याबाईंनी भाकरीचा डबा, दोन छत्र्या आणि शिवणाच्या मशीनमधली रिळं घेतली. विसाव्यावरच्या पुड्यांना लाल दोरा, पलीकडच्या माळावरच्या पुड्यांना पांढरा, हे त्यांनी एस.टी.त बसायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. विसावा म्हणजे तीच ती भानगडीची जागा. खालून येणारी जुनी पाऊलवाट कडा चढून जिथे वर निघते, तिथे एक मोठा दगड आहे. चढून आलेला माणूस त्यावर टेकतो, म्हणून त्याला विसावा म्हणतात. त्या दगडाच्या भोवती करटोलीचे वेल दाटीनं माजलेले असतात.

"मला नीट सांग," आत्याबाई गाडीत म्हणाल्या. "खालची आणि वरची करटोली वेगळी का होते? दिसायला तर तीच."

"एकच होती आधी. मग मधे डोंगर. खाली पाऊस लवकर येतो, धो धो पडतो, हवा उबदार. वर वारा, गारठा, जमीन कातळाची. खाली जी लवकर फुटते ती टिकते, वर तसं केलं तर मार खाते. आणि खालच्या फुलाचे परागकण वर येत नाहीत, वरच्याचे खाली जात नाहीत. असं हजारो वर्षं चाललं की दोघींचं रक्त हळूहळू वेगळं होतं."

"म्हणजे येणं-जाणं थांबलं की भाऊबंद परके होतात, तसंच की."

"तसंच."

"मग एवढं शिकायला कशाला लागतं त्याला?" असं म्हणून त्यांनी खिडकीला डोकं टेकलं आणि पाटण येईपर्यंत झोप काढली.

आत्याबाई स्वतः खालच्या. लग्न होऊन चिपळूणच्या बाजूनं घाट चढून वर आलेल्या. त्यांचा एकुलता भाऊ गेल्यावर माहेरचं घर बंद झालं होतं आणि त्या विषयावर त्या बोलत नसत. मी एकदा विचारलं होतं, तर "तिकडे आता कुलूप आहे" एवढंच म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

पाथरदांडला आम्हाला घ्यायला धोंडिराम आबा आले. आधीच्या खेपेलाही तेच माझ्याबरोबर रानात हिंडले होते. उंच, हडकुळे, डोक्यावर प्लास्टिकची खोळ.

"आबा, विसाव्यावरची करटोली कुणी लावलीय का हो?" मी जाता जाताच विचारलं. हे मी आधीही विचारलं होतं.

"कोन लावतंय, ताई? रानची हाय. देवानं लावली."

विसाव्यावर धुकं होतं. कड्याखाली काही दिसत नव्हतं, फक्त पाण्याचा आवाज येत होता. मी पान खुडायचं, आत्याबाईंनी पुडी पुढे धरायची, मी पान सुकवायचे खडे ओतायचे, त्यांनी लाल दोऱ्याची गाठ मारायची. अशी गाठ, की सोडायला दात लागावेत. मी नंबर लिहिला की त्या तो मोठ्यानं वाचायच्या, आणि मी पुन्हा वाचायचा. आबा दगडावर बसून ही गंमत बघत होते.

"वहिनी, तुमी बी सायेबच की."

"साहेब नाही, मी पोलीस आहे," आत्याबाई म्हणाल्या.

मग माळावर गेलो, तिथे पांढऱ्या दोऱ्याच्या पुड्या झाल्या. पावसानं आम्ही चिंब भिजलो होतो. आबांनी जेवायला घरी नेलं. त्यांच्या मंडळी तानूबाई आधीच्या खेपेला शेतावर असल्यामुळे मला भेटल्या नव्हत्या. कपाळावर ठसठशीत हिरवं गोंदण आणि तोंडानं अखंड बडबड. त्यांनी आम्हाला चुलीपुढे बसवलं, कोरडी लुगडी काढून दिली, आणि नाचणीच्या भाकरीबरोबर करटोलीची भाजी वाढली.

आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि त्या थांबल्या.

"काय झालं? खडा लागला?" मी विचारलं.

"नाही." त्या सावकाश चावत राहिल्या. दुसरा घास घेतला. मग तानूबाईंना म्हणाल्या, "ही करटोली कुठली?"

"विसाव्याची. का वं? कडू लागली?"

"कडू नाही. लग्न झाल्यापासून मी वरचीच करटोली खातेय. तिचं बी दाताखाली कटकन वाजतं. मला सुरुवातीला आवडायची नाही ती. हिचं बी लागतच नाही." त्यांचं नाक लाल झालं, पण राग नव्हता. "ही आमच्या खालची आहे. माझ्या आईच्या हातची लागतेय मला."

आबा मोठ्यानं हसले. "रानच्या येलाला काय म्हायेर-सासर असतंय व्हय, वहिनी?"

तानूबाई हसल्या नाहीत. चुलीतलं लाकूड उगाच पुढे-मागे करत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "आवं, जरा म्हशी बगून या. मगाधरनं वरडायल्यात."

"कुटं वरडायल्यात?"

"तुमास्नी ऐकू येत न्हाई. जावा."

आबा खोळ डोक्यावर घेऊन बाहेर पडले. त्यांची पावलं लांब गेल्यावर तानूबाई आत्याबाईंच्या जवळ सरकल्या.

"तुमी खालच्या व्हय? कोन्त्या गावच्या?"

आत्याबाईंनी गाव सांगितलं.

"म्या कोंडसरची. तुमच्या अल्याडच्या खोऱ्यातली." तानूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "या गावात निम्म्या सुना खालच्या. पूर्वी गाडी कुटं व्हती? त्याच वाटंनं जायचं, त्याच वाटंनं यायचं. पाऊस लागला की वढ्यास्नी पानी, वाट बंद. जेठापासनं दसऱ्यापतूर म्हायेर न्हाई. आन् खालची करटोली तर त्याच दिसांत. लई जीव जायचा बगा."

"मग?" आत्याबाईंनी विचारलं.

"मग काय. उन्हाळ्यात म्हायेरी गेलं की येताना करटोलीचा एक गड्डा वटीत घालून आनायचा. दारात लावू द्यायच्या न्हाईत सासवा. म्हायेरचं झाड दारात लावलं की सुनंचं मन तिकडंच ऱ्हातं म्हनायच्या. मग दारात न्हाई तर वाटंवर. घाट चढून आलं की विसाव्याच्या दगडाव बसायचं, काय रडायचं ते रडून घ्यायचं, गड्डा मातीत घालायचा, आन् डोळं पुसून गावात यायचं. श्रावनात लाकडाला म्हनून तिकडं जायचं आन् करटोली आनायची."

मी भाकरी हातात तशीच धरून बसले होते. "आणि आबांना माहीत नाही?"

"त्यास्नी कुनी सांगितलं न्हाई, त्यांनी कुनाला इचारलं न्हाई. त्यास्नी वाटतंय देवानं लावली."

खरं सांगू? त्या क्षणी मला उठून नाचावंसं वाटलं. माझ्या पुड्या बरोबर होत्या! एक पान इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. डोंगर मधे होता, पतंग चढत नव्हते, सगळं सरांच्या म्हणण्याप्रमाणे होतं. फक्त वेल चालत वर आला होता, बायकांच्या ओटीतून. मी आत्याबाईंकडे बघितलं, तर त्या रडत होत्या. त्यांना माझ्या पुड्यांचं काही पडलेलं नव्हतं.

तानूबाईंनी शेजारच्या सगुणाबाईंना हाक मारली आणि आम्ही चौघी पुन्हा विसाव्यावर गेलो. धुकं आता फाटलं होतं. खाली खोरं दिसत होतं, हिरवं, आणि त्यात नदीची रेघ. तानूबाई एकेका वेलाला हात लावून ओळख करून देत होत्या. ही माझी. ही थोरल्या जावेची, ती गेली, पर येल येतो. ही माझ्या आजेसासूची म्हनत्यात, खरं-खोटं देवाला ठाऊक. ही सगुणीची.

"आन् ह्यो?" सगुणाबाई एका वेलाकडे बोट दाखवून हसायला लागल्या.

"सांग की तूच."

"ह्याला फुलं येत्यात, पर फळ न्हाई. म्या म्हनलं वांझ दिसतोय, दिला उपटून. तर त्या साली कुनालाच फळ न्हाई! तवा कळलं, ह्यो नर हाय. पुन्ना खालनं आनाय लागला."

"एकच पुरतोय समद्यास्नी," तानूबाई म्हणाल्या, आणि त्या दोघी अशा हसल्या की आत्याबाईंनाही हसू आवरेना. करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो हे मी पुस्तकातून शिकले होते. तिथे इतकी मजा नव्हती.

आत्याबाई दगडावर बसल्या. बराच वेळ खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी गाडीनं वर आले होते. मला असं काही आणायचं सुचलंच नाही." थोड्या वेळानं त्यांनी तानूबाईंचा हात धरला. "मला एक गड्डा द्याल?"

"आत्ता नगं, मरंल. वाळू द्या येल. म्या धाडते."

परतीच्या गाडीत आत्याबाई खुशीत होत्या. पुड्यांची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली होती, मला हात लावू दिला नाही.

"म्हणजे पुड्या बरोबर होत्या."

"हो."

"म्हणजे तू वेंधळी नाहीस."

"नाहीच मुळी."

"मग तुझी छत्री कुठंय?"

माझी छत्री विसाव्यावर राहिली होती.

सरांपुढे मी लाल आणि पांढऱ्या दोऱ्याच्या पुड्या ठेवल्या तेव्हा गाठी सोडायला त्यांनी शेवटी कात्री घेतली. पुन्हा सगळं केलं, या वेळी त्यांच्या डोळ्यांदेखत. पट्टे आले ते तेच. लाल दोऱ्याचे खालच्या चालीचे, पांढऱ्या दोऱ्याचे वरच्या चालीचे. मग मी त्यांना तानूबाईंची हकिगत सांगितली. नावं सांगितली नाहीत, तसं मी त्या बायकांना वचन दिलं होतं.

सर चष्मा काढून पुसत राहिले.

"दगडावर बसून रडायच्या म्हणालात?"

"हो सर."

"माझी आई वरची. लग्न होऊन खाली आली." त्यांनी चष्मा घातला. "परड्यात तिचं कसलंतरी एक झुडूप होतं. आम्ही बॉल शोधताना ते तुडवायचो आणि ती फार चिडायची. कसलं होतं कोण जाणे. कुणी विचारलं नाही." मग म्हणाले, "विसावा वगळू नका. त्याचं वेगळं प्रकरण करा. आणि पुड्या बरोबर होत्या, शेडगेबाई. मी बोललो ते चुकलं."

घरी आले तर आत्याबाई दारातच उभ्या. "काय म्हणाला?"

"म्हणाले, चुकलं."

"वेंधळी शब्द मागे घेतला का?"

"घेतला."

"घ्यायलाच हवा," त्या आत जात म्हणाल्या. "तो माझा आहे."

दसऱ्यानंतर तानूबाईंचा गड्डा आला, एस.टी.च्या कंडक्टरबरोबर, ओल्या फडक्यात गुंडाळून. आत्याबाईंनी तो तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून गच्चीवर लावला.

त्याच हिवाळ्यात माझ्या भावाचं लग्न झालं. आत्याबाई पहिल्यांदाच अकोल्याला आल्या. माझी आई आणि त्या, दोघी दिवसभर गप्पा मारायच्या, आणि माझ्याच. लग्न आटोपून परत येताना गाडीत त्यांनी पिशवीतून एक पुरचुंडी काढून माझ्या हातात ठेवली. आत करटोलीचा गड्डा.

"तुझ्या बाबांना सांगून बांधावरचा खणून घेतला. तुमचं ते काटवल. येत्या उन्हाळ्यात आपण पाथरदांडला जाऊ. विसाव्यावर तुझाही असू दे."

माझे डोळे भरून आले, पण मी पुरचुंडी पुन्हा बांधली.

"आत्याबाई, तिथे नाही लावता यायचा."

"का?"

"हा पार वेगळ्या मुलखातला. तिथल्यांत मिसळेल. इतक्या वर्षांत जे वेगळं झालंय ते..."

"तानूबाईनं लावलेलं चाललं. तिच्या आजेसासूनं लावलेलं चाललं. तुझाच तेवढा चालत नाही?"

"त्यांना माहीत नव्हतं. मला माहितीय. माहीत असून लावला, तर केळुसकर सरांनी मला वेंधळी म्हणायला हरकत नाही."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मला वाटलं दुखावल्या. गाडी बरीच पुढे गेल्यावर म्हणाल्या, "बरं. मग डब्यात लाव, माझ्या शेजारी. पण लाव. त्यांच्या सासवा नव्हत्या लावू देत, मी देते. एवढं समजून घे."

असे आमच्या गच्चीवर दोन डबे झाले. माती एकच, पाणी एकच, ऊनही एकच. पण आत्याबाईंचा वेल वळवाची सर आली की डोकं वर काढायचा, आणि माझा आपला ढिम्म. सगळा जून तो झोपून असायचा. अकोल्याचा पाऊस उशिरा, त्याला तेच ठाऊक. पुढे शिकवायला लागल्यावर मी विद्यार्थ्यांना गच्चीवर आणून हे दाखवायची. जागा बदलली, तरी वेल आपलं घड्याळ बदलत नाही. आत्याबाई मागून म्हणायच्या, "बघा, वेलही हिच्यासारखाच. उठायचं नाव नको."

आत्याबाईंचा निघाला नर. त्यांना याचा भयंकर राग आला. "इतक्या लांबून आणला, आणि माझाच नर निघावा?" माझा मादी. पण माझा फुलायला लागेपर्यंत त्यांचा फुलून दमलेला असायचा, त्यामुळे फळ कधी धरलंच नाही. दरवर्षी भाद्रपदात त्या गुडघे धरत गच्चीवर चढायच्या आणि विचारायच्या, "धरलं का गं?" मी म्हणायची, "नाही." त्या म्हणायच्या, "धरेल." पुढे गुडघ्यांनी जिना सोडला, तेव्हा खालूनच हाक मारून विचारायच्या.

त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. मी निवृत्त झाले. घरात आम्ही दोघंच. शशिकांत फार सज्जन माणूस, मी काही विसरले तर न बोलता स्वतः करून टाकतात. भाजीत मीठ नसलं तर तशीच खातात. मला वेंधळी म्हणणारं या जगात कुणी उरलं नाही, आणि याचं इतकं वाईट वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

गेल्या वर्षी कोण जाणे काय झालं. पाऊस मधे बराच ओढला, आत्याबाईंचा वेल सुकल्यासारखा झाला आणि मग पुन्हा फुटला. त्याला उशिरा फुलं आली. एका संध्याकाळी दिवा घेऊन गच्चीवर गेले, तर दोन्हीकडे फुलं उघडलेली. मी त्यांच्या वेलाचं एक फूल खुडलं आणि माझ्या वेलाच्या फुलाला टेकवलं. पहिल्यांदा नेमच चुकला. आयुष्यभर हे काम केलंय मी, तरी.

एक फळ धरलं. एकच, लिंबाएवढं.

"एका करटोलीची भाजी कसली करतेस?" शशिकांत म्हणाले. "ठेव ना बी. तुझ्या शास्त्रात बसेल."

"नाही. खायची आहे ही. फार वर्षं वाट बघितलीय."

मी तिच्या चकत्या केल्या, कांदा घातला, तिखट घातलं, मंद आचेवर परतली. दोन ताटल्यांत थोडी थोडी वाढली. मी घास घेतला. बी दाताखाली आलं, कटकन वाजलं नाही, अगदी विरघळलंही नाही, मधेच काहीतरी. मी डोळे मिटून चावत राहिले.

शशिकांत शांतपणे खात होते. मग थांबले. मग उठून ओट्यापाशी गेले आणि मिठाचा डबा घेऊन आले.

मी त्या डब्याकडे बघत राहिले. घातलंच नव्हतं मी मीठ.

ते उभेच होते. जरा घुटमळले. "आईच्या वतीनं म्हणू का?" त्यांनी विचारलं.

"म्हणा," मी म्हटलं.

"वेंधळी," ते म्हणाले.

इतकं हळू म्हणाले की मला त्यांना पुन्हा म्हणायला लावावं लागलं.